चित्रफितीतील आवाज जपताना

मागील स्नेहसंमेलनानंतर एका विद्यार्थिनीच्या आईने आम्हांला विचारले, "गुरुजी, पोरीचं गाणं माझ्या फोनात बसंल का? कोयत्यावर जाताना संगं न्यायचंय." त्या माउलीचा फोन बटणांचा होता. मुलीने सादर केलेले भीमगीत आमच्यापाशी होते, परंतु ते पाच मिनिटांच्या चित्रफितीच्या रूपात आणि आकाराने सहाशे एमबीच्या घरात. तिच्या फोनवर ते उघडलेच नाही. तिला हवा होता तो केवळ लेकीचा आवाज. आणि तो तर त्याच फाइलमध्ये होता.

हा प्रश्न एकट्या त्या आईचा नाही. माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथील कोणी ऊसतोडीला जातात, कोणी गलाईच्या व्यवसायासाठी परप्रांतात, तर कोणी मेंढरे घेऊन मैलोन्‌मैल दूर. मुले वसतिगृहात आणि आईवडील वाटेवर, अशी आपल्या अनेक कुटुंबांची वर्षातील कित्येक महिन्यांची स्थिती असते. म्हणूनच व्हिडिओतून आवाज वेगळा कसा काढावा, तेही कोणतेही नवे सॉफ्टवेअर न बसवता, साध्या ब्राउझरमध्ये, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे असे आम्हांस वाटले.

फाइलच्या आत काय असते?

व्हिडिओची फाइल ही एक पेटी समजावी. एमपी४, एमकेव्ही, वेबएम, ३जीपी ही त्या पेट्यांची नावे. पेटीत निदान दोन स्वतंत्र प्रवाह असतात : एक चित्रांचा, दुसरा ध्वनीचा. दोन्ही आपापल्या पद्धतीने संक्षिप्त केलेले असतात आणि कोणत्या क्षणी कोणता तुकडा वाजवायचा याची नोंदही पेटीतच असते. मोबाइलच्या एमपी४ फाइलमधील ध्वनी बहुधा एएसी या प्रकारचा असतो. फाइलचा बहुतांश भार चित्रांचा असतो. पूर्ण एचडी चित्रण मिनिटाला साधारणपणे शंभर-सव्वाशे एमबी जागा घेते, तर १२८ केबीपीएस दराचा ध्वनी मिनिटाला जेमतेम एक एमबी. म्हणजे सहाशे एमबीच्या त्या चित्रफितीतील गाणे पाच एमबीत मावते.

आवाज काढण्याच्या रीती दोन. पहिलीत ध्वनीचा प्रवाह आहे तसा उचलून दुसऱ्या लहान पेटीत ठेवला जातो. यात आवाजाची प्रत तसूभरही घटत नाही आणि काम काही क्षणांत होते. फाइल एम४ए नावाने मिळते. दुसऱ्या रीतीत ध्वनी प्रथम पूर्ण उलगडला जातो, म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांच्या मूळ रूपात आणला जातो, आणि मग एमपी३सारख्या प्रकारात पुन्हा संक्षिप्त केला जातो. यात वेळ अधिक लागतो आणि प्रत किंचित उतरते. परंतु एमपी३ बटणांच्या फोनवरही वाजते. तेव्हा संग्रहासाठी पहिली रीत आणि आईच्या फोनसाठी दुसरी, असा सरळ हिशेब ठेवावा.

ब्राउझर हे काम कसे करतो?

फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली एफएफएमपेग हा मुक्त प्रकल्प सुरू केला. ध्वनिचित्रफितींची नाना रूपे उलगडणारे हे साधन आज जगभर वापरले जाते. पूर्वी ते संगणकावर बसवावे लागे. पुढे वेबअसेंब्ली हे तंत्र आले व डिसेंबर २०१९ मध्ये त्यास वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे अशी अवजड साधने आता ब्राउझरच्या आतच चालू शकतात. पान उघडताच साधन आपल्या संगणकावर येते, आपण निवडलेली फाइल तेथेच वाचते आणि तयार झालेला ध्वनी तेथेच उतरवून देते. फाइल घराबाहेर जात नाही.

मात्र सर्वच संकेतस्थळे अशी नसतात. अनेक ठिकाणी फाइल आधी दूरच्या सर्व्हरवर पाठवली जाते आणि काम तेथे होते. आमच्याकडून एकदा अशीच चूक घडली. मुलींच्या समूहगीताची चित्रफीत आम्ही एका फुकट संकेतस्थळावर चढवली. गाणे मिळाले; पण ती चित्रफीत पुढे कोठे राहिली, कोणी पाहिली, पुसली गेली की नाही, हे कळण्यास मार्गच नव्हता. मुलींचे चेहरे आपण अनोळखी हाती दिले, ही रुखरुख आजही आहे. तेव्हापासून आम्ही एक पारख करतो. प्रथम एखादी बिनमहत्त्वाची लहान फाइल देऊन पाहावी, म्हणजे साधन पूर्णपणे उतरते. मग पान तसेच उघडे ठेवून इंटरनेट बंद करावे आणि पुन्हा करून पाहावे. काम झाले तर फाइल आपल्यापाशीच राहते असे समजावे; अडले तर ते पान मुलांच्या चित्रफितींसाठी वापरू नये.

प्रत्यक्ष कृती

१. शक्यतो संगणक वापरावा. पारखलेले पान उघडून मूळ व्हिडिओ निवडावा.
२. संग्रहासाठी "मूळ ध्वनी" किंवा एम४ए, साध्या फोनसाठी एमपी३ निवडावे. भाषणास ६४ व गाण्यास १२८ केबीपीएस दर पुरतो.
३. काम होईपर्यंत पान बंद करू नये. मिळालेली फाइल आरंभी, मध्ये आणि शेवटी ऐकून पाहावी.
४. पानावर "डाउनलोड" लिहिलेली अनेक बटणे दिसल्यास थांबावे. त्यांतील काही जाहिराती असतात. कोणतेही साधन बसवण्याची सूचना आल्यास नाकारावी.

ब्राउझरला मर्यादाही आहेत. दोन जीबीहून मोठ्या फाइलवर अशी पाने बहुधा अडखळतात. तासाभराचे चित्रण असल्यास आधी त्याचे भाग पाडावेत. व्हीएचएस कॅसेट प्रथम यंत्राद्वारे संगणकात उतरवावी लागते. ब्राउझर तेथे निरुपयोगी. जुन्या मोबाइलच्या ३जीपी फाइलमधील आवाज पुष्कळदा सेकंदाला केवळ ८,००० नमुन्यांचा असतो. त्याचे एमपी३ कितीही मोठ्या दराने केले तरी तो सुधारत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? अशी फाइल आहे तशी जपणेच इष्ट.

आवाज जपावा कशासाठी?

बाबासाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, तो बीबीसीने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीसारख्या मोजक्या ध्वनिमुद्रणांमुळे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते गावोगावच्या गायन पार्ट्यांनी मुखोद्गत ठेवली. जात्यावरच्या ओव्यांचे तर हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून आयुष्यभराचे काम केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्या संग्रहात आल्या, बाबासाहेबांवरील ओव्याही त्यांत आहेत, आणि २०१७ पासून 'पारी'ने त्या सर्वांसमोर आणल्या. अक्षरओळख नसलेल्या बायांची बुद्धी त्यांच्या आवाजातच होती; आवाज नोंदला गेला म्हणून ती टिकली.

आपल्या म्हसवडमध्येही माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून ९०.४ वर बोलते आहे. रेडिओला चित्र लागत नाही. एखाद्या घरातील लग्नाच्या चित्रफितीत आजीने म्हटलेले गाणे असेल, तर ते काढून ठेवल्यास उद्या हजारो कानांपर्यंत जाऊ शकते.

परंतु आवाज हादेखील माणसाचाच अंश आहे. तो पुढे देण्यापूर्वी गाणाऱ्याची, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची, संमती घ्यावी. चित्रपटगीते वा विकत घेतलेली ध्वनिमुद्रणे यांवर दुसऱ्यांचा हक्क असतो; ती काढून वाटू नयेत.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

आपल्या जुन्या फोनमध्ये, सीडीवर, पेनड्राइव्हमध्ये शाळेच्या कार्यक्रमांची चित्रणे पडून असतील. त्यांत आता हयात नसलेल्या शिक्षकांची भाषणे असतील, स्वयंपाकघरातील मावशींची हाक असेल, सकाळच्या वंदनेचा समूहस्वर असेल. ती मूळ फाइल आमच्याकडे पाठवावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवल्यास फाइल आक्रसते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर आणून द्यावी. सोबत कार्यक्रम, दिनांक, ठिकाण आणि आवाज कोणाचा, एवढे लिहावे. नाव नसलेला आवाज वीस वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही. आवाज काढल्यावरही मूळ चित्रफीत पुसू नये, आणि प्रत्येक फाइलच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

त्या आईला आम्ही मेमरी कार्डवर गाणे भरून दिले. हंगाम संपवून ती परत आली तेव्हा म्हणाली, "फडात सगळ्या बायांनी ऐकलं. आता समद्यांस्नी पाठ झालंय." मुलीने आईला विचारले, "माझं कुठं चुकलं ते कळलं का?" आई म्हणाली, "चुकलंय तिथंच तर तुझा आवाज वळखू येतो."