एकवर्णी चित्रकला

एकाच रंगाच्या छटांवर आधारलेली अप्रतिरूप चित्रपद्धती. कोरियात १९७० नंतर पार्क सो-बो, हा चोंग-ह्यून प्रभृती चित्रकारांमुळे तिला प्रवाहाचे स्वरूप आले. पार्क ओल्या रंगलेपावर पेन्सिलीच्या रेघा पुनःपुन्हा ओढीत, तर हा जाड्याभरड्या कापडाच्या मागील बाजूने रंग पुढे दाबीत. या प्रवाहास पुढे ‘दानसेकह्वा’ (एकरंगी चित्र) हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्रात असा संप्रदाय निर्माण झाला नाही. तथापि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांनी बरेच आधी, स्वतंत्रपणे तत्सम वाट चोखाळली. पाउल क्लेचा प्रभाव व लघुचित्रांचा अभ्यास यांतून ते १९६० च्या सुमारास आकृतिनिरपेक्ष चित्रणाकडे वळले. ‘अमूर्त’ ही संज्ञा मात्र त्यांनी नाकारली. झेन विचारांचे त्यांना आकर्षण होते. रोलर व सुरी यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढविणे आणि खरवडणे, ही त्यांची प्रक्रिया. थरांखालून पाझरणारा प्रकाश हाच चित्राचा विषय होतो. त्यामुळे ‘एकवर्णी’ हे वर्णन त्यांच्या बाबतीत अपुरेच ठरते. चिंतनात दीर्घकाळ जात असल्याने वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ मधील अपघातानंतर काही वर्षे मोठे तैलचित्रण थांबले व कागदावरील लहान शाईचित्रे तेवढी झाली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले.