कडेपासून कडेपर्यंत

फर्निचरच्या कारखान्यात आता 8 बाय 4 च्या प्लायवूडचे तुकडे कसे पाडायचे, हे कॉम्प्युटर सांगतो. कपाटाच्या फळ्यांची मापं भरली की त्यातली बरीच सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतात: कट गिलोटिन हवेत का? नवख्या माणसाला वाटतं, हा मशीनच्या नावाचा प्रश्न असणार. पण त्या कारखान्यात गिलोटिन नसतंच, असते गोल पात्याची पॅनेल सॉ. प्रश्न असतो तो अटीचा. प्रत्येक कट एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ आरपार गेला पाहिजे, मध्येच थांबता कामा नये. एका आयताचे दोन आयत, मग त्यातल्या एकेकाचे पुन्हा दोन. ताटात थापलेल्या वडीवर सुरी या काठापासून त्या काठापर्यंत ओढतात, तसंच.

अट आली ती कागद कापायच्या गिलोटिन मशीनवरून, आणि मशीनचं नाव आलं फ्रान्समधल्या वधयंत्रावरून. डॉ. जोसेफ गिलोटिन यांनी 1789 मध्ये शिरच्छेदासाठी यंत्र वापरावं असं सुचवलं, आराखडा आंत्वान लुई या शल्यवैद्याच्या देखरेखीखाली झाला आणि 25 एप्रिल 1792 रोजी ते पहिल्यांदा चाललं. बिचाऱ्या गिलोटिन यांच्या वाट्याला फक्त नाव आलं. कागद कापायच्या या मशीनचं पेटंट गियोम मासिको या फ्रेंच माणसाने 1844 मध्ये घेतलं. गंमत अशी की खुद्द फ्रान्समध्ये या मशीनला त्याच्याच नावावरून 'मासिको' म्हणतात, आणि गिलोटिन म्हणतो ते आपण. आपल्या संसदेत तर अर्थसंकल्पातल्या चर्चेविना राहिलेल्या मागण्या एकदम मताला टाकण्यालाही गिलोटिनच म्हणतात.

छापखान्यातलं मशीन दिसायला साधं असतं. मजबूत टेबल, मागच्या बाजूला पुढे-मागे सरकणारी बॅकगेज, वर दाबपट्टी आणि तिच्यापुढे पातं. गठ्ठ्याच्या कडा ठोकून सरळ करायच्या, तो बॅकगेजला टेकवायचा, माप लावायचं. आधी दाबपट्टी उतरते, गठ्ठ्यातली हवा काढते आणि मगच पातं येतं. पातं सरळ खाली पडत नाही, तिरकं सरकत उतरतं. सरळ पडलं तर ते कागद कापण्याऐवजी चेंगरेल. खाली त्याला टेकायला लाकडाची किंवा प्लास्टिकची चौरस पट्टी बसवलेली असते. तिची एक बाजू झिजली की पट्टी फिरवायची. चार बाजू आणि दोन टोकं अदलून-बदलून एकच पट्टी आठ वेळा कामाला येते.

पात्याची धार साधारण 19 ते 24 अंशांत असते. मऊ कागदाला कमी, कडक मालाला जास्त. धार गेली की मशीन बोलून दाखवत नाही, गठ्ठा दाखवतो. वरचे कागद पात्याबरोबर ओढले जातात आणि वरच्या व खालच्या कागदाच्या मापात फरक पडतो. अशा वेळी पात्याला साबण किंवा मेण चोळून दिवस ढकलणारे कारागीर असतात. खरा इलाज धार लावण्याचाच. पातं काढणं-बसवणं हे या मशीनवरचं सगळ्यात धोक्याचं काम. मशीन चालवताना दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं न उतरण्याची सोय हात वाचवण्यासाठीच केलेली आहे. तरीही काम लवकर उरकावं म्हणून एक बटण पट्टीने बांधून ठेवणाऱ्यांना कारागीर म्हणू नये.

गिलोटिन पत्राही कापतं. पत्र्याच्या त्या गिलोटिन शिअरमध्ये दोन पाती असतात, खालचं स्थिर आणि वरचं थोडं कललेलं. कल असल्यामुळे काप एका टोकाकडून दुसरीकडे जातो आणि जोर कमी लागतो. किंमत म्हणून अरुंद पट्टी पिळवटून निघते.

आता आरपार कटाच्या त्या अटीने काय बिघडतं ते पाहा. 5 बाय 5 इंचांचा चौरस कागद घ्या आणि त्यातून 3 बाय 2 चे तुकडे काढा. चार तुकडे भिरभिऱ्यासारखे एकमेकांच्या कडेला लावले की मध्ये फक्त 1 बाय 1 चा चौकोन उरतो. मांडणी सुरेख आहे, पण गिलोटिनवर ती कापता येत नाही. कुठूनही आरपार जायला गेलात तर एखादा तुकडा मध्ये येतोच. गिलोटिनवर या कागदातून तीनच तुकडे निघतात. काच कापणाऱ्याचीही हीच अडचण: काचेवर मारलेली रेघ कडेपर्यंत नेल्याशिवाय काच नीट तुटत नाही.

वाया जाणारा माल कमी कसा करायचा, यावर मोठमोठी डोकी खर्ची पडली आहेत. लिओनिद कँटोरोविच यांनी 1939 मध्ये लेनिनग्राडमध्ये प्लायवूड उद्योगाच्या प्रश्नावरून सुरुवात करून जे गणित मांडलं, त्यात माल कापण्याचा प्रश्नही होता. साधनांच्या वाटपावरच्या कामासाठी 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना कूपमन्स यांच्यासोबत मिळालं. आयबीएममधल्या गिल्मोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये कागदाचे रोल कापण्याचं गणित सोडवलं आणि 1965 च्या निबंधात आयताकृती तुकड्यांचा विचार करताना गिलोटिन कटची अट घातली.

डाय कटिंगने, म्हणजे साच्याने कापून, किंवा लेझरने ही आरपार कटाची अट मोडता येते. मिठाईचा खोका डायवरच निघतो, पत्र्यातले वेडेवाकडे भाग लेझरवर. पण डाय आधी बनवावी लागते, आणि गिलोटिन शेकडो कागद एका घावात कापतं. साधं पुस्तक छापायचं तर त्याला आजही तोड नाही. मराठी पुस्तकांचे नेहमीचे आकारही आरपार कटाला सोयीचे आहेत. 23 बाय 36 इंचांच्या कागदाचे चार गुणिले चार भाग केले की पावणेसहा बाय नऊचं पान मिळतं. बांधणीनंतर तीन बाजू छाटून ते साडेपाच बाय साडेआठचं डेमी होतं. 20 बाय 30 च्या कागदातून तसंच 5 बाय साडेसातचं क्राऊन पान निघतं. हौसेने चौकोनी पुस्तक काढणाऱ्याला कागदवाला आधी किती कातरण जाईल ते सांगतो, आणि त्या कातरणाचे पैसे लेखक किंवा प्रकाशकच भरतो.

तेव्हा पुस्तक, स्मरणिका किंवा लग्नपत्रिका छापायला देणार असाल तर आकार ठरवण्याआधी छापखान्यात विचारा. चित्र पानाच्या कडेपर्यंत हवं असेल तर ते मापाबाहेर चारी बाजूंना 3 मि.मी. वाढवून द्या. मजकूर मात्र कडेपासून निदान 5 मि.मी. आत ठेवा.