एका किलोचे 858 किलो

'ह्युई' या नावाने जगभर ओळखलं जाणारं बेल कंपनीचं यूएच-1 हेलिकॉप्टर जमिनीवर उभं असतं, तेव्हा त्याची पाती स्वतःच्याच वजनाने टोकाकडे झुकलेली असतात. इतकी लवचीक वस्तू माणसं आणि सामान हवेत उचलणार कशी?

फिरून! त्याच्या यूएच-1एच या प्रकारात पात्यांच्या चक्राचा व्यास 14.63 मीटर, गती मिनिटाला 324 फेरे. म्हणजे टोक ताशी सुमारे 893 किलोमीटर वेगाने धावतं आणि तिथला एक किलो बाहेरच्या दिशेने 858 किलोंच्या जोराने ओढ घेतो. सगळीकडे सारखं जाड, 100 किलोचं पातं धरलं तर मुळाशी 43 टनांचा ताण येतो. सामानासकट अख्खं हेलिकॉप्टर साडेचार टनांच्या आत! ताणलेली तार ताठ होते, तसं हे पातं ताठरतं.

आता ताशी 200 किलोमीटरने पुढे निघा. पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला 1093 चा वारा, मागे जाणाऱ्याला 693 चा. उचल वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे पात्याचा कोन तोच ठेवला तर टोकाशी अडीचपट फरक. हा हिसका सेकंदाला 5.4 वेळा, तासाला 19,440 वेळा, हजार तासांत जवळपास दोन कोटी वेळा.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं गणित. चक्राच्या मध्यावर सांधलेलं पातं वरखाली झुलतं, त्या झुलण्याची नैसर्गिक गती फेऱ्याला बरोबर एक! पातं जड करा, लांब करा, जोरात फिरवा. उत्तर बदलत नाही, कारण जड किंवा लांब केलं तर परत खेचणारी ओढ आणि जडत्व एकाच मापाने वाढतात, आणि जोरात फिरवलं तर झुलण्याची गतीही त्याच प्रमाणात वाढते. आणि वाऱ्याचा हिसकाही फेऱ्याला एकच. म्हणजे प्रत्येक क्षणी अनुनाद, ज्याला अभियंते एरवी घाबरतात. तरी पातं तुटत नाही, कारण हवाच कंपन जिरवते. झोका मुळीच उलटू नये यासाठी लागणाऱ्या विरोधाच्या साधारण निम्मा विरोध ती एकटी करते. धातूचा स्वतःचा हातभार एखाद-दोन टक्क्यांचा.

अनुनादात परिणाम पाव फेरा उशिरा दिसतो. म्हणून पातं जिथे उंच जायला हवं, त्याच्या 90 अंश आधीच त्याचा कोन वाढवावा लागतो, म्हणजे सेकंदाच्या 46 सहस्रांशांनी आधी. पात्याच्या वाकण्याच्या इतर तऱ्हांना मात्र हवेचा एवढा आधार नसतो. त्यांच्या गती 5.4, 10.8, 16.2 या पटींपासून दूर ठेवण्यासाठी पात्याच्या आत वजनं बसवतात, ताठरता कमीजास्त करतात. एवढं करूनही दोन पात्यांचा सेकंदाला 10.8 ठोक्यांचा हादरा थेट आसनापर्यंत पोचतोच.