कायदा सभागृहात, बंदूक नियमांत

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागा आणि उसाचे फड एकमेकांना लागून आहेत आणि उसात बिबट्या असणे आता कुणाला नवे वाटत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारा शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. त्याने बंदुकीचा परवाना मागितला तर? 1959 च्या शस्त्र कायद्याचे 13 वे कलम त्याला नाही म्हणत नाही. पीकरक्षणाचे कारण खरे असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे ते सांगते. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, बोळा घालायचा, वर छरे, मग गजाने ठासायचे आणि एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. याच कलमात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी .22 ची रायफल देण्याची सोय आहे. शेतकरी आणि नेमबाज असे कायद्याने एकाच कलमात शेजारी बसवले आहेत. बिबट्यावर मात्र परवान्याची बंदूकही चालवता येत नाही. जिवावर बेतले तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे, एरवी वन्यजीव कायदा आडवा येतो.

कायद्याच्या पुस्तकात एवढे सापडते. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, पोलिसांनी अहवाल 30 दिवसांत द्यायचा आणि तो आल्यावर परवाना अधिकाऱ्याने 60 दिवसांत निर्णय घ्यायचा, हे सारे केंद्रीय गृहमंत्रालयाने केलेल्या 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त जोराच्या एअरगनला परवाना लागेल ही रेघही नियमांनीच ओढली. सामान्य माणसाचा बंदुकीशी जो संबंध येतो तो बहुतांशी या नियमांमधून येतो. म्हणून संसदेने कायद्यापेक्षाही या नियमांकडे आणि सवलतीच्या अधिसूचनांकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे, असे मला वाटते. आज ते होत नाही.

शस्त्र कायद्याची 2019 ची दुरुस्ती आठवून पाहा. 29 नोव्हेंबरला विधेयक लोकसभेत आले, 9 डिसेंबरला तिथे आणि 10 डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झाले. स्थायी समितीकडे ते गेलेच नाही. गाजलेला वाद एकाच आकड्याचा होता. 1983 पासून एका व्यक्तीला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या एकवर आणायचा मूळ प्रस्ताव होता, विरोध झाल्यावर दोनवर तडजोड झाली. आकडा महत्त्वाचा होताच आणि विरोधामुळे तो बदलला ही संसदेची जमेची बाजू आहे. पण दोनच महिन्यांनी, 12 फेब्रुवारी 2020 रोजी, गृहमंत्रालयाच्या अधिसूचनेने खेळाडूंसाठी वेगळे आकडे ठरवले. दोनपेक्षा अधिक प्रकारांत खेळणाऱ्या नामवंत नेमबाजाला सवलतीतली 12 पर्यंत जादा शस्त्रे ठेवता येतील, असे त्यात आहे. एक की दोन यावर सभागृह घासाघीस करते आणि बारा हा आकडा अधिसूचनेतून येतो, ही विसंगती मला खटकते.

खेळाडूला सवलत नको, असे मुळीच म्हणायचे नाही. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारात .22 ची रायफल लागते आणि सरावासाठी काडतुसे हजारांनी लागतात. घरगुती संरक्षणाच्या मापाने त्याला मोजणे हा अन्यायच झाला असता. प्रश्न एवढाच, की बारा शस्त्रे ठेवणारे किती, त्यातले प्रत्यक्ष स्पर्धेत उतरणारे किती आणि खेळ सुटल्यावर त्या बंदुकांचे काय होते, हे संसदेने कधी विचारायचे?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गुन्हे परवान्याच्या बंदुकीने होत नाहीत, कट्ट्याने होतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीचे नाव कट्ट्यांवरच्या पोलिसांच्या कारवायांत वारंवार येते. पण म्हणून परवान्याच्या बंदुकीवर नजर ठेवायची गरज संपत नाही. इंग्लंडमधल्या कम्ब्रियात 2 जून 2010 रोजी एकाने बारा जणांना ठार केले, ते परवान्याच्या शॉटगनने आणि .22 च्या रायफलने. त्यानंतर तिथल्या हाउस ऑफ कॉमन्सच्या गृहविषयक समितीने साक्षी घेतल्या आणि डिसेंबरमध्ये अहवाल दिला. कायदे इतके विखुरलेले आहेत की ते एकत्र करा, असेही त्यात सुचवले. आपल्याकडे तसे काही घडेपर्यंत वाट पाहायची का?

दुसरा आक्षेप असा, की नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर 30 दिवस ठेवावेच लागतात, कलम 44 तेच सांगते आणि उपविधान समितीही आहे. आहे खरी. पण पटलावर ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून एखादा नियम उचलून त्यावर चर्चा मागणारा खासदार विरळाच. तिसरी भीती मला सर्वांत रास्त वाटते. खासदारांनी यात लक्ष घातले की ते आपल्या माणसांच्या परवान्यासाठी फोन करायला लागतील. त्यावर उपाय म्हणजे एकेका परवान्याची फाइल त्यांच्यापुढे न आणता जिल्हावार आकडे मागवणे. प्रत्येक परवान्याला युनिक क्रमांक आहे, राष्ट्रीय नोंदपट आहे, तेव्हा ते देणे अवघड नाही.

दिंडोरीचा खासदार लोकसभेत एवढा प्रश्न सहज विचारू शकतो: नाशिक जिल्ह्यात गेल्या वर्षी पीकरक्षणासाठी किती अर्ज आले, किती 60 दिवसांत निकाली निघाले, नाकारताना कारण लेखी दिले का आणि खेळाडू म्हणून सवलत घेतलेल्या शस्त्रांची शेवटची तपासणी केव्हा झाली.