भिजवलेला दांडा, कातलेला दांडा

मे महिन्यात यवतमाळकडच्या कुठल्याही गावात अंगणात डोकावलं, तर पाण्याच्या बादलीत एखादी कुऱ्हाड उलटी बुडवून ठेवलेली दिसते. लोखंड पाण्यात, दांडा वर. उन्हाने दांडा आटला, पातं खडखडायला लागलं, म्हणून रात्रभर भिजत घातलेलं. सकाळी ते गच्च बसलेलं असतं. त्यामुळे हा उपाय रामबाण आहे, असं आपण पिढ्यानपिढ्या मानत आलो.

रात्रभरात त्या पात्याच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, काय होतं ते पाहू. लाकूड पाणी पिऊन फुगतं, लोखंड फुगत नाही. फुगायला जागाच नसल्यामुळे लोखंडाला टेकलेले लाकडाचे धागे आतल्या आत चेपले जातात, आणि एकदा चेपलेला धागा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. चार दिवसांत ४५ अंशांच्या उन्हात पाणी उडून गेलं, की दांडा भिजवण्याआधी होता त्याहूनही बारीक झालेला असतो. मग परत बादली. असं दोन-तीन उन्हाळे चाललं, की एक दिवस पातं निसटून उडतं. ते कुणाच्या पायावर जाईल, याचा नेम नसतो. सैल दांडा काढून सावलीत पूर्ण वाळू द्यावा, मगच नवी पाचर मारावी. पाचरीऐवजी खिळे ठोकणं भिजवण्याहून वाईट, कारण खिळा लाकूड चिरत जातो. टिकावाला तर पाचरही लागत नाही. त्याचं नेढं निमुळतं असतं, दांडा वरून घालतात, आणि प्रत्येक फटक्याला लोखंड दांड्याच्या जाड टोकाकडे सरकून घट्ट होतं.

पाण्याचा उपयोग आहे, पण तो दांडा होण्याच्या आधी. बाभळीचा ओंडका काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत योग्यच आहे. त्याने लाकडातलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगा कमी लागतो. दांड्याखाली बारीक पिवळा भुसा पडलेला दिसतो तो याच भुंग्याचा, आणि तो बहुतेक सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात शिरतो.

लाकूड लेथवर फिरवत पटाशीने सोलण्याला मराठीत कातणं म्हणतात आणि ते काम करणारा तो कातारी. या कामाबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते असं, की ओलं लाकूड लोण्यासारखं कातलं जातं, मग वाळवण्यात वेळ कशाला घालवायचा? कातलं जातं हे खरं. माझ्या पहिल्या पटाशीची मूठ मी अशीच ओल्या बाभळीतून कातली होती. छान गोल, लोखंडी शेंबी ठोकून बसवलेली. संक्रांतीला केलेली ती मूठ अक्षय्य तृतीयेला हातात घेतली, तर शेंबी बांगडीसारखी घरंगळून खाली पडली. मूठ गोलही राहिली नव्हती, लंबगोल झाली होती. कारण लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही. झाडाच्या वर्षवलयांच्या कडेकडेने ते जितकं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आटतं. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास उतरला की आटणं सुरू होतं आणि कामाजोगा दांडा साधारण १२ टक्क्यांवर हवा. म्हणून आधी जाडसर कातायचं, टोकांना मेण किंवा शेणाचा लेप द्यायचा म्हणजे चिरा जात नाहीत, सावलीत ठेवायचं आणि अधूनमधून वजन करायचं. वजन घटायचं थांबलं, की शेवटचा हात फिरवून शेंबी बसवायची.

लेथवरचा दांडा हातघडीच्या दांड्यापेक्षा मजबूत असतो, असं दुकानात सांगतात. लेथवरचा कमजोरच असतो, असं म्हातारे शेतकरी म्हणतात. मला म्हाताऱ्यांचं म्हणणं सत्याच्या जास्त जवळचं वाटतं, पण दोष लेथचा नाही. फोडून काढलेल्या फाट्याचा दांडा तासला, तर धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप सलग राहतो. लेथला धागा कळत नाही. करवतीने तिरकी कापलेली काठी लावली, तरी तो ती तितकीच सुरेख गोल करून देतो. आणि धाग्याचा तिरकेपणा फार महाग पडतो. १० सेंटीमीटर लांबीत धागा १ सेंटीमीटर सरकला, तर धक्का सोसण्याची ताकद सरळ धाग्याच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांवर येते, आणि ५ सेंटीमीटरला १ सरकला तर जेमतेम एक तृतीयांशावर. म्हणून दांडा घेताना चकाकी पाहू नका, बाजूने रेषा पाहा. त्या मधेच कडेला निघून जात असतील, तर दांडा तिथेच मोडणार. गाठीचं लाकूड चिवट, हाही असाच भ्रम. गाठीला वळसा घालून धागे वाकलेले असतात, आणि मोड बहुधा त्या वळणावरच पडतो.

आपल्या जिल्ह्याला सागाचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण दार-खिडकीला उत्तम ते कुऱ्हाडीलाही उत्तम, असं होत नाही. साग कमी आटतो, कमी वाकतो, वाळवीला सहसा दाद देत नाही. मात्र फटक्याला तो ठिसूळ आहे. कानशीची मूठ किंवा करवतीची मूठ सागाची खुशाल करा. घणाला, कुऱ्हाडीला धावडा, धामण नाहीतर बाभूळ हवी. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, बाभळीचं ८०० च्या घरात आणि धावड्याचं ९०० च्या आसपास. पूर्वी बैलगाडीचा आख धावड्याचा करत, आणि इंग्रजी व्यापारात या लाकडाला ‘ॲक्सलवूड’ हेच नाव पडलं. आपल्या धुऱ्यावरचं झाड आपलंच, कधीही तोडावं, हेही खरं नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, हळदू, तिवस, ऐन ही झाडं आहेत आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते.

कुऱ्हाडीला पूर्ण गोल दांडा घेऊ नये. लंबगोल दांडा मुठीत धरला, की धार कुठे आहे ते न बघता हाताला कळतं. गोल दांडा घामाने फिरतो आणि पातं तिरकं लागतं. साध्या लेथवर गोलच निघतो, म्हणून बाजारात गोल मिळतात. लंबगोल कातता येत नाही असं मात्र नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या थॉमस ब्लँचर्डने १८१९ मध्ये नमुन्यावरून हुबेहूब नक्कल कातणाऱ्या लेथचं पेटंट घेतलं. त्याने ते बंदुकीच्या लाकडी दस्त्यांसाठी केलं होतं, पुढे त्याच पद्धतीने कुऱ्हाडीचे दांडे निघू लागले. पावड्याला, दंताळ्याला गोल दांडा चालतो, कारण तिथे हात दांड्यावर सरकावा लागतो.

लेथवर हातमोजे घालून काम करणं सुरक्षित, ही समजूत सगळ्यात धोक्याची. फिरत्या लाकडात मोज्याचा एक धागा अडकला, की हात ओढला जातो. मोजे नकोत, लांब बाह्या नकोत, गळ्यात दुपट्टा नको. चष्मा मात्र हवाच.

राहिलं पॉलिश. जाड वार्निशच्या चकचकीत दांड्याने फोड येत नाहीत, असं वाटतं. खरं तर घाम त्या थरावरच साचतो आणि तळहाताची कातडी घसटते. जवसाचं तेल लावावं. घाणीचं गोडंतेल किंवा शेंगदाण्याचं नव्हे, ती तेलं वाळतच नाहीत, दांडा चिकट राहतो. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ थर द्यावा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढावं, दोन-चार दिवसांनी पुन्हा द्यावा. घट्ट होताना हे तेल उष्णता सोडतं, म्हणून पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर काडी न लावता पेट घेऊ शकतात. काम संपलं की त्या पाण्यात बुडवाव्यात, नाहीतर एकेक सुटी करून अंगणातल्या तारेवर वाळत घालाव्यात.