वांग्याचे फूल आणि गुणगुणणारे पाहुणे

खानदेशात थंडी पडली की काड्यांवर वांगी भाजली जातात आणि कळण्याच्या पुरीबरोबर भरिताची पंगत बसते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ धरण्यात कीटकांचाही वाटा असतो. परसात वांग्याची चार झाडे असली तरी तो आपल्याला पाहता येतो.

वांग्याचे जांभळे फूल हाती घेऊ या. मधोमध पिवळ्या परागकोशांचा सुळका दिसतो. बहुतेक वनस्पतींत परागकोश उभा उकलतो आणि पराग मोकळे होतात. वांग्यात मात्र त्याच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असते. मिठाची डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसेच हे. वाऱ्याने थोडे पराग पडतात, फूल स्वतःच्या परागांनी फळूही शकते; पण कीटक आल्यास फळधारणा वाढते.

मग मधमाश्यांची पेटी ठेवली की झाले? तसे नाही. पोळ्यातल्या मधमाशीला ही डबी हलवता येत नाही. ते काम काळा भुंगा आणि पोटावर निळसर पट्टे असलेली, एकेकटी राहणारी माशी करते. फुलाला घट्ट धरून, पंख न फडकावता, ते उड्डाणाचे स्नायू सेकंदाला काही शे वेळा थरथरवतात. गुणगुण ऐकू येते आणि पराग झरतात.

हे वर्गातही दाखवता येते. ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून ताज्या फुलाच्या परागकोशांना टेकवावा व खाली काळा कागद धरावा. पिवळी भुकटी पडते. दुसऱ्या फुलाला न वाजवलेला नादकाटा टेकवून तुलना करावी.

या पाहुण्यांना बोलवायचे तर आधी मकरंद हवा. वांग्याच्या फुलात तो नसतो; म्हणून शेजारी तुळस आणि सब्जा लावावा. कोथिंबिरीची काही रोपे फुलू द्यावीत. त्यांच्या लहान, उघड्या फुलांवर आखूड तोंडाच्या फूलमाश्या येतात. त्यांतील कित्येकींच्या अळ्या मावा खातात.

पुढचा प्रश्न घराचा. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते, तर भुंगा वाळलेले लाकूड वा बांबू पोखरतो. जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत माती आणि लाकूड दोन्ही होते. सिमेंटच्या घरापुढे सगळीकडे फरशी घातली की ही जागा संपते. म्हणून हातभर जमीन उघडी ठेवावी आणि भिंतीला बांबूचे तुकडे बांधावेत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे.

शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी वांग्यावर भरपूर फवारणी होते. त्या विषाने अळीबरोबर हे पाहुणेही मरतात. चार झाडांसाठी त्याची गरज नाही. सुकलेले शेंडे आणि किडकी फळे हाताने काढून नष्ट करावीत.

विद्यार्थ्यांनी रोज सकाळी दहा मिनिटे एकाच झाडाजवळ बसून नोंद ठेवावी: कोण आले, किती वेळ थांबले आणि गुणगुणले का?