विमानाच्या काचेवरचं धुकं

पावसाळ्यात जामखेडहून खर्ड्याकडे जाताना गाडीची काच धुरकटली, तर गाडी कडेला घेता येते. छोट्या विमानात ती सोय नाही. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं. अशी जिद्द करणाऱ्यांनी काचेचाही विचार आधीच करावा.

श्वासातली वाफ आणि ओल्या बुटांचा दमटपणा थंड काचेला भेटला की थेंब बनतात. उंचावर गारठलेलं विमान दमट हवेत उतरतं, तेव्हा नेमकी धावपट्टी दिसेनाशी होते.

काचेच्या तळाशी हवेचा झोत सतत हवा आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाटही हवी. विमान जमिनीवर थांबलेलं असताना छोटा विजेचा पंखाही पुरतो. गरम हवा बहुधा सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून घेतात. इथे फार जपायला हवं: सायलेन्सरला तडा गेला, तर बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये शिरतो. आवरण काढून नियमित तपासणी करावी, वायुसूचक यंत्रही बसवावं.

काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. अमोनिया असलेल्या द्रवाने तिला बारीक भेगा पडतात, म्हणून असा द्रव टाळावा आणि पुसायला मऊ, स्वच्छ सुती कापडच वापरावं.